बाबा, कणीक आणि पखवाज

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाला त्याच्या आवडीची गाणी ऐकवावीत, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण कुठली गाणी, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती मोठ्याने, कुठल्या वाद्यांची, हे ज्याचं त्याला आपल्या घरात शोधावं लागतं. आमच्याकडे ते कसं सापडत गेलं ते सांगते. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

बाबा मूळचे कुडाळकडचे. मिसरूड फुटायच्या वयात मुंबईला आले, परळच्या चाळीत गावकीच्या खोलीत राहिले आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचं साचेखातं कायमचं सुटलं. पुढे मिळेल ते काम केलं, डोंबिवलीला दोन खोल्या घेतल्या, आम्हाला शिकवलं. सत्तरी ओलांडल्यावर नेहमीचे रस्ते चुकायला लागले. रक्ताच्या तपासण्या, बी-१२, थायरॉइड, एमआरआय, डॉक्टरांची प्रश्नोत्तरं, आणि शेवटी अल्झायमर, डिमेन्शियाचाच एक प्रकार. ही वाट बहुतेक घरांत सारखीच असते, म्हणून त्यात फार शिरत नाही.

आमचा सगळ्यात कठीण वेळ संध्याकाळचा. दिवस कलला की बाबा अस्वस्थ व्हायचे. दाराची कडी काढायची धडपड, पिशवीत कपडे भरणं आणि एकच धोशा: "माका घराक जावचा आसा." आई समजावून थकायची. या आजारात अंधार पडताना अशी घालमेल वाढते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाणी लावून बघा, असंही तेच म्हणाले.

भावाने जुन्या चित्रपटगीतांचा आणि भावगीतांचा मोठा साठा फोनमध्ये भरून दिला. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. हेडफोन तर ते उपटून काढायचे, कानात काहीतरी शिरलंय असं वाटून घाबरायचे. इथे बरीच घरं थांबतात, 'आमच्या माणसाला गाण्याची आवड नाही' असं ठरवून टाकतात. थांबू नका, एवढंच कळकळीने सांगते.

आम्हाला वाट दाखवली ती कानाच्या तपासणीने. साचेखात्यात शेकडो साचे एकाच वेळी धडधडत असतात. शेजारच्याशी हातवाऱ्यांनी बोलावं लागायचं, असं बाबाच सांगायचे. अशा गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलं की आधी जातात ते उंच आवाज, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. खालचे आवाज त्या मानाने टिकून राहतात. बाबांचा आलेख तसाच होता, उजवीकडे, म्हणजे उंच आवाजांकडे, जाता जाता एकदम घसरलेला. मग उलगडा झाला. बासरी, व्हायोलिन, बाईचा उंच लागलेला गळा, शब्दांतले स आणि श, यांतलं बरंच काही त्यांच्यापर्यंत नीट पोचत नव्हतं. पुरुषाचा भरदार आवाज आणि पखवाजाची घुमारेदार बाजू मात्र पोचत होती. डिमेन्शियाच्या माणसाला संगीत ऐकवण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत, असं मला फार वाटतं. मेंदूचा आजार कळला की कानाकडे कुणी बघतच नाही.

आता गाणी शोधायची होती. माणसाला दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी म्हातारपणीही जास्त ठळक राहतात, असं संशोधक सांगतात. बाबांची ती वर्षं म्हणजे गाव आणि परळची चाळ. मी गावी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "गो बाय, तेका गाणी कसली ऐकवतस? तो मृदंगावर बसणारो." बाबा चाळीतल्या भजनी मंडळात मृदंग, म्हणजेच पखवाज, वाजवायचे हे मला माहीत होतं. पण आमच्या जन्मानंतर, संप झाल्यावर ते हळूहळू सुटलं होतं, आणि आम्ही त्यांना वाजवताना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या मंडळातले एक काका अजून लालबागला आहेत. त्यांनी भजनाचा क्रम लिहून दिला: आधी नमन, मग रूपाचा (देवाच्या रूपाचं वर्णन करणारा) अभंग, पुढचे अभंग, गजर, गौळण. रात्री सुरू झालेलं भजन कधी कधी पहाटेपर्यंत चालायचं. पहिल्या पाळीवाले तसेच भोंग्याला निघायचे.

त्या क्रमाने, मोजक्या साथीचं, एका बुवाच्या आवाजातलं भजन लावलं आणि बाबांची बोटं मांडीवर चालायला लागली. चेहरा तसाच होता. बोटं मात्र ठेक्यात होती.

जवळच्या विठ्ठलमंदिरातल्या मंडळाने त्यांचा जुना पखवाज वापरायला दिला. तो समोर ठेवल्यावर बाबांनी उजवीकडच्या मधल्या काळ्या शाईवर बोट फिरवलं, डाव्या पुडीच्या कातड्यावर थाप मारली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "कणीक." आईला वाटलं भूक लागली. पुन्हा म्हणाले, "कणीक खंय?" मला पखवाजाचं काही कळत नव्हतं, पण मंदिरातल्या ज्या मुलाने तो आणून दिला होता तो अजून दारातच उभा होता. तो म्हणाला, "काकू, थोडी कणीक भिजवून द्या, डाव्या बाजूला लावतात." आईने गोळा आणून दिला. बाबांनी तो पाण्याचा हात लावून पुन्हा मळला, पुडीच्या मधोमध थापला, कडा अंगठ्याने दाबून घेतल्या. थाप मारली, चिमूटभर काढली, परत थाप मारली. हवा तो घुमारा आल्यावरच थांबले. सकाळी शर्टाची बटणं लावायला ज्यांना मदत लागत होती त्यांचे हे हात होते. आई पदराने डोळे पुसत राहिली.

बोटांची सवय आणि जुनं, मुरलेलं संगीत मेंदूत अशा जागी राहतं जिथे हा आजार उशिरा पोचतो. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की ओळखीच्या संगीताची स्मृती ज्या भागांशी निगडित असते त्यांची झीज अल्झायमरमध्ये तुलनेने कमी होते. म्हणून नातीचं नाव हरवलेला माणूस अख्खा अभंग म्हणू शकतो. याचा अर्थ आजार हटला असा मात्र नाही. भजनाने बाबांची स्मरणशक्ती सुधारली नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

आम्हाला मिळालं ते वेगळं होतं. बाबा मला आक्का म्हणायला लागले होते, म्हणजे त्यांची मोठी बहीण. मुलगी म्हणून मी त्यांच्या मनातून सरले होते. पण टाळ घेऊन समोर बसले की ते माझ्याकडे बघून मान हलवायचे: आता उचल. मी चुकले तर भुवई चढायची, बरोबर घेतलं तर हलकेच हुंकार यायचा. ते मला कोरसमधली एक म्हणून ओळखत होते, आणि मंडळात प्रत्येकाची जी किंमत असते ती मला होती. माझं नाव त्यांना आठवावं हा हट्ट मी तिथे सोडला. आईने झांज घेतली. त्यांच्या काळात बायका त्या मंडळात बसत नसत, आणि आता ती बाबांच्या डाव्या हाताला बसून गजर चढवते. नुसतं गाणं लावून आपण स्वयंपाकघरात गेलो तर एवढं घडत नाही. सोबत बसावं लागतं, म्हणावं लागतं, सूर कसाही असो.

भजनाची वेळ आम्ही साडेपाचची ठेवली, घालमेल सुरू व्हायच्या आधीची. घालमेल चढल्यावर संगीताचाही त्रास होतो. गाणी फोनमध्ये उतरवून घेतली, कारण मध्येच आलेल्या जाहिरातीने बाबा दचकायचे. मूळ पट्टी त्यांच्या गळ्याला झेपत नव्हती, म्हणून आम्ही दोन-तीन स्वर खाली उतरून म्हणतो. आंघोळीला नकार द्यायचे तेव्हा गजर म्हणत पाणी घातलं की हात-पाय ताठ करत नसत. पाहुण्यांसमोर 'बाबा, वाजवून दाखवा' असं म्हणणं बंद केलं, आणि 'हा अभंग कुणाचा, सांगा' असं विचारणंही. परीक्षेची चाहूल लागली की ते मिटून जातात. गणपतीत आरतीला घर भरतं, तेव्हा त्यांना कोपऱ्यातली खुर्ची आणि कुणीतरी हात धरून बसलेलं असतं. एका अभंगाला ते रडायला लागले आणि रात्रभर शांत झाले नाहीत. काकांना विचारलं तेव्हा कळलं की संपाच्या काळात एक सोबती गेला, त्याच्या बाराव्याला तो म्हटला होता. यादीतला तेवढा आम्ही आता लावत नाही.

आता आजार पुढे सरकला आहे. वाजवताना बोल तुटतात, म्हणून पखवाज मीच जमेल तसा वाजवते आणि बाबा तळहात डाव्या पुडीवर ठेवून बसतात. कणीक मात्र अजून तेच थापतात.

दुपारी मी कामावर असते तेव्हा एक मावशी त्यांच्याकडे असतात. त्यांच्यासाठी फ्रिजवर कागद लावला आहे: साडेपाचला टीव्ही बंद, खिडकीचा पडदा ओढून दिवा लावणे, आधी नमन, आवाज मधला, समोर बसून टाळ धरणे, पाय आपटायला लागले तर लगेच बंद करून चहा देणे. अकरा नंबरचं भजन लावू नये.