परवडते, तरी गाडी का घेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऑफिसात, लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यातही हे विचारलं जातं: दोघं कमावता, कर्जही सहज मिळेल, मग अजून बस-ट्रेनचे धक्के कशाला खाता?

मी मुलुंडला राहतो, ऑफिस चकाल्याला. घरापासून स्टेशनपर्यंत बेस्टची बस, मग धीमी लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो. जून २०१४ मध्ये ही मेट्रो सुरू होण्याआधी घाटकोपर ते अंधेरी बसमध्ये घामाघूम होऊन जावं लागायचं. आता पार वर्सोव्यापर्यंतची लाइन वीस-बावीस मिनिटांत होते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून गाडीनं येणारे सहकारी माझ्याआधी क्वचितच पोचतात. वेळेचं एवढंच.

खरं कारण आमची बस आहे.

आमच्या थांब्यासमोर गाड्या लावलेल्या असतात, कधी दुहेरी रांगेत. त्यामुळे बस फुटपाथला लागत नाही, भर रस्त्यात उभी राहते. गुडघे दुखणाऱ्या एक आजी रोज आमच्याबरोबर असतात. त्या आधी फुटपाथवरून खाली उतरतात, दोन गाड्यांच्या मधून अंग चोरून निघतात, बाजूनं बाइक येत नाही ना ते बघतात आणि मग रस्त्यावरून बसच्या पायरीवर पाय टाकतात. दारातलं कुणीतरी हात देतं, "सावकाश, आजी" म्हणतं. तेवढ्यात मागून हॉर्न सुरू होतात. हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

बस अशी अडकत गेली की लोक कंटाळतात, रिक्षा करतात, स्कूटर घेतात, आणि बस आणखी अडकते. एकेकाळी बेस्टकडे चार हजारांवर बस होत्या, आता तीन हजारही नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलुंडसह मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला. मे २०२५ मध्ये बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. गाडीवाल्याला माफी, आणि धुण्याभांड्याच्या कामाला चार थांबे जाणाऱ्या बाईला दुप्पट भाडं! याचा मला मनापासून राग येतो.

लोकलची स्तुती करून कुणाचं तोंड बंद करायचं नाहीये मला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. कसारा-कर्जतकडून येणाऱ्या माणसाला 'गाडी का घेतलीस' असं मी कधीच विचारणार नाही. वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायचं असलं तर मीही टॅक्सीच बोलावतो. पण माझे हातपाय धड आहेत, थांबा घराजवळ आहे. त्या आजींच्या वाटेत आणखी एक गाडी मी आणून उभी करणार नाही.

सोसायटीच्या सभेत मी थांब्यासमोरच्या पार्किंगचा विषय काढला. बरीच वादावादी झाली. शेवटी सकाळी आठ ते अकरा तिथे आपल्यापैकी कुणी गाडी लावायची नाही, एवढं ठरलं. शेजारच्या सोसायटीशी बोलणं चालू आहे. संध्याकाळच्या वेळेचं अजून कुणी मनावर घेत नाही, तो विषय मी पुढच्या सभेत पुन्हा काढणार आहे.