आमच्या शिक्षकांची गावं

लालबागच्या आपल्या शाळेतून मी १९८३ साली दहावी झालो. वर्गातल्या बहुतेकांचे वडील गिरणीत, गावाहून आलेले. पण शिकवणारेही तसेच गाव सोडून आलेत, हे तेव्हा फारसं जाणवायचं नाही. गणिताचे सर सातारा जिल्ह्यातले, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'रयत' शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' करत पदवीधर झालेले. विज्ञानाच्या बाई जळगावकडच्या. मराठीच्या बाई बेळगावच्या. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतर काही वर्षांनी त्या मुंबईत नोकरीला आल्या.

भूगोलाचे सर देवगडचे. कोकण किनारा शिकवताना ते पुस्तक मिटायचे, फळ्यावर एक वाकडीतिकडी रेघ ओढायचे आणि खालून वर बंदरं मांडत जायचे: वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ. याच वाटेने ते स्वतः बोटीने आले होते. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. पडावातून, म्हणजे लहान होडीतून, जाऊन ट्रंकेसकट वर चढायचं आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत पथारी, जेवण गिरणी कामगारांच्याच खाणावळीत, बायको-मुलं गावी. माझ्या वडिलांचीही सुरुवात अगदी अशीच झाली होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबले, चाळीतली बिऱ्हाडं गावी हलू लागली, वर्गातले बाक रिकामे दिसू लागले. तेव्हा भूगोलाचे सर संध्याकाळी चाळीत यायचे. निघालेल्या मुलाच्या दाखल्याचं स्वतः बघायचे आणि तिकडच्या मुख्याध्यापकांच्या नावे चिठ्ठी द्यायचे, की पोराला वर्षाच्या मध्येच घ्या, फीचं पुढे बघू. माझ्या बाकावरचा मित्र अशीच चिठ्ठी घेऊन कणकवलीला गेला आणि तिथून दहावी पास झाला. सर त्या मुलखातले, चार माणसं ओळखणारे, म्हणून त्या चिठ्ठीला मान होता. मुंबईतच जन्मलेल्या शिक्षकाला, कितीही मनात असतं तरी, हे जमलं नसतं असं मला आजही वाटतं.

शाळेच्या स्मरणिकेसाठी केलेल्या शिक्षकांच्या यादीत नाव, विषय आणि सेवेची वर्षं आहेत. गाव नाही. ही उणीव लहान नाही. ज्यांना आपापल्या शिक्षकांची गावं ठाऊक असतील त्यांनी ती शाळेच्या कार्यालयात जरूर कळवावीत. निवृत्तीनंतर गावी परतलेल्यांना शाळेच्या समारंभाचं बोलावणंही मग वेळेत धाडता येईल.