प्लाट नदीकाठचं पेव

आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला आली तेव्हा तिला काय दाखवावं हा प्रश्नच होता. नायगारा इथून फार लांब आहे आणि मॉलमध्ये ती अर्ध्या तासात कंटाळते. म्हणून जूनमधल्या एका शनिवारी तिला घेऊन ग्रँड आयलंडच्या स्टूर म्युझियमला निघाले. इंटरस्टेट ८० वरून दोन-सव्वादोन तासांचा सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना गुडघाभर मका आणि डावी-उजवीकडे अधूनमधून दिसणारी प्लाट नदी. पात्र रुंद, पाणी घोट्याएवढं. आई म्हणाली, "ही नदी की ओढा?" नेब्रास्का हे नावच मुळी इथल्या ओटो लोकांच्या भाषेतलं, अर्थ 'सपाट पाणी'. तिला तो लगेच पटला.

स्टूरची मुख्य इमारत पांढरीशुभ्र, तळ्याच्या मधोमध. ती एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी आराखडलेली. दिल्लीतला अमेरिकी दूतावासही त्यांचाच. पण आमचा दिवस गेला तो बाहेर, १८९० च्या सुमाराचं गाव उभं केलंय तिथे. जुनी घरं मूळ जागेवरून उचलून इथे आणून बसवलीत. लोहाराचा भाता चालू असतो, त्या काळचे झगे घातलेल्या बायका चुलीशी असतात आणि काही विचारलं की हातातलं काम न थांबवता उत्तर देतात. हेन्री फोंडा हा नट ज्या घरात जन्मला तेही इथेच आहे. आईला त्याचं काही नाही, तिने त्या घरातलं स्वयंपाकघर तेवढं बघितलं.

एका घरात लोखंडी चूल पेटलेली होती. जळण म्हणून दाणे काढलेली मक्याची कणसं. आईने मला विचारायला लावलं, "इथे झाडं दिसत नाहीत, मग सुरुवातीला आलेल्या बायका काय जाळायच्या?" चुलीपाशी असलेल्या बाईने सांगितलं की रानगव्यासारख्या बायसनचं माळावर पडून वाळलेलं शेण पोरं गोळा करून आणायची. मी भाषांतर पुरं करायच्या आत आई म्हणाली, "रानशेणी!" थापून केलेल्या त्या शेणी, आणि माळावर आपोआप वाळलेल्या त्या रानशेणी, हा फरक मला इंग्रजीत सांगता सांगता घाम फुटला. मग पुढचे प्रश्न आले. पावसाळ्यात कोरडं कुठे ठेवायच्या? राखेचं काय करायच्या? राखेचं पाणी गाळून चरबीत उकळून साबण करत, हे ऐकून आईने मान डोलावली. आमच्याकडे राखेने भांडी घासली, दात घासले, बियाणाला लावली, पण साबण नाही केला.

माळावरच्या पहिल्या घरांना लाकूड नव्हतंच. गवताच्या मुळ्यांनी घट्ट बांधलेली जमीन नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी कापायची आणि त्या ढेपा विटांसारख्या रचायच्या. भिंती दोन-तीन फूट जाड. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, पण पाऊस थांबला तरी छत गळत राहायचं. आई म्हणाली, "धाब्याचं घर. फक्त आपली माती पांढरी असते."

गावातल्या शाळेत ती एका बाकावर बसून राहिली. १२ जानेवारी १८८८ ला सकाळी उबदार हवा होती, म्हणून पोरं पातळ कपड्यांत शाळेत गेली आणि दुपारी अचानक हिमवादळ आलं. या मैदानी मुलखात दोनशेच्या वर माणसं गेली, त्यांत कितीतरी शाळकरी मुलं. आई चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिने एवढंच विचारलं, "बाईंनी सोडलं होतं का त्यांना, की अडवून धरलं होतं?" दोन्ही प्रकार झाले होते. ती बराच वेळ उठली नाही.

जेवताना मी तिला १८६२ चा होमस्टेड कायदा समजावत होते. १६० एकर जमीन, सगळी मिळून फी १८ डॉलर, पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग ती तुमच्या नावावर. एकट्या बायकांना आणि विधवांनाही अर्ज करता यायचा. १८६२ मध्ये! मला हे फार भारी वाटतं आणि मी ते भारी वाटेल असंच सांगत होते. आई शेतकऱ्याची मुलगी. सँडविच खाली ठेवून म्हणाली, "१६० एकर फुकट? मग आधीच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं होतं?"

तीन वर्षं इथे राहतेय, या म्युझियमला दुसऱ्यांदा आले होते, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता याची मला मनापासून लाज वाटली.

उत्तर त्याच आवारात होतं. मागच्या खेपेला मी जे घाईत ओलांडलं होतं ते पॉनी या इथल्या मूळ रहिवासी जमातीचं मातीचं घर. बाहेरून गवताचा उंचवटा वाटतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या बोळातून आत गेलं की मोठी गोल खोली, जाड खांब, मधोमध चूल आणि वर धूर जायला भोक. प्लाट आणि लूप नद्यांच्या काठी पॉनींची अशी गावंच्या गावं होती. मका, घेवडा, भोपळा पिकवायच्या त्या बायका, आणि घरही बायकांचंच मानलं जायचं. वर्षातून दोनदा सगळं गाव बायसनच्या शिकारीला महिनोन्महिने बाहेर पडायचं. तेव्हा धान्य जमिनीखालच्या खड्ड्यात साठवून ठेवायचं. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं, आतून गवताचं अस्तर, वरून माती सारखी केलेली.

आईने माझ्या दंडाला धरलं. "अगं, हे पेव आहे."

आईचं माहेर हरिपूर, सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. सांगलीच्या बाजारातली हळद तिथल्या पेवांत साठवायचे. तिने मला तिथेच उभं राहून सांगितलं की पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नसतं, आतली वाफ जाऊ द्यायची, आधी कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूस विझेल. "विचार तिला, ह्या बायका पण थांबायच्या का?" मी विचारलं. मार्गदर्शक मुलगी म्हणाली, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

ग्रँड आयलंडला जर्मन वसाहतकरी आले १८५७ साली. त्याच वर्षी पॉनींनी करार करून उरलेली बहुतेक जमीन सोडली आणि पुढे १८५९ मध्ये लूप नदीकाठच्या एका राखीव पट्ट्यात आले. १८७४-७५ मध्ये तोही सुटला. सगळी जमात आजच्या ओक्लाहोमात गेली. जाताना मक्याचं बियाणं बरोबर नेलं, पण तिथल्या मातीत ते नीट येईना. या शतकात पॉनींनी जपलेले थोडे दाणे नेब्रास्कातल्या शेतकऱ्यांकडे पाठवले, इथे ते रुजले आणि नवं बी परत ओक्लाहोमाला गेलं. त्यातल्या एका वाणाच्या पांढऱ्या दाण्यावर पंख पसरलेल्या गरुडासारखा जांभळा डाग असतो. मी फोनवर फोटो दाखवला तर आई तो बोटांनी मोठा करून करून बघत होती.

परतताना रात्रीचे आठ वाजले तरी ऊन होतं. तिकडे सकाळचे साडेसहा. आईने गाडीतूनच मामाला फोन लावला आणि कसा आहेस वगैरे न विचारता म्हणाली, "आपलं वाड्यामागचं पेव आहे का रे अजून?" मामा म्हणाला, २००५ च्या पुराचं पाणी शिरलं तेव्हा ते ढासळलं, नंतर मुरूम टाकून बुजवलं. आता वर गाडी लावतो.

"तोंडाचा दगड कुठंय?" आईने विचारलं.

दगड होता. तुळशीपाशी, पाय धुवायला ठेवलेला. "तो हलवू नको," एवढं सांगून तिने फोन ठेवला.