‘गोरे गोरे’मधला दुसरा आवाज

आमच्या घरी लग्नकार्यात गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या आणि ‘ग’ हे अक्षर आले की ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ ठरलेले असे. १९५०च्या ‘समाधी’मधले, सी. रामचंद्रांनी संगीतबद्ध केलेले हे गाणे लता मंगेशकरांचे, एवढेच आम्हा मुलांना ठाऊक होते. त्यात दुसरी कोण गाते, असे मी एकदा विचारले, तेव्हा आज्जी म्हणाली, “अगं, ती अमीरबाई. आपल्या विजापूरकडची.”

आज्जीचे माहेर विजापूरकडचे, त्यामुळे ‘आपल्या’ हा शब्द तिच्या तोंडी सहज आला. पण विजापूर सोलापूरहून जेमतेम शंभर किलोमीटरवर असताना आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा आपल्या कानांवर रोज पडत असताना, अमीरबाई कर्नाटकी हे नाव इथे इतक्या थोड्या लोकांना माहीत असावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अमीरबाई मूळच्या विजापूर भागातल्या बिळगीच्या. त्यांची बहीण गोहरबाई बालगंधर्वांमुळे मराठी नाट्यरसिकांच्या स्मरणात राहिली. अमीरबाई मात्र चित्रपटांत रमल्या. १९४३च्या ‘किस्मत’मध्ये अनिल विश्वासांनी त्यांच्याकडून ‘धीरे धीरे आ रे बादल’ गाऊन घेतले. भरीव, किंचित अनुनासिक आवाजात त्या प्रत्येक शब्द घाई न करता ठेवतात, आणि ऐकणाऱ्याला कोणीतरी उशाशी बसून गात असल्यासारखे वाटते. त्याच चित्रपटातले ‘दूर हटो ऐ दुनियावालो’ त्यांनी खान मस्तानांसह गायले. १९३० साली मार्शल लॉ सोसलेल्या आणि पुढच्याच जानेवारीत आपले चार हुतात्मे फाशी गेलेले पाहिलेल्या सोलापूरकरांनी ते गाणे पहिल्यांदा ऐकले, तेव्हा त्यांच्या मनात काय उसळले असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

त्या काळात त्या एकट्या नव्हत्या. १९३५च्या ‘धूप छाँव’पासून पार्श्वगायनाची वाट रुळू लागली, आणि त्यात गायलेल्या पारुल घोष, ‘रतन’च्या जोहराबाई अंबालेवाली, ‘महल’च्या राजकुमारी अशा गायिकांनी पुढची पंधरा वर्षे गाजवली. तरीही बऱ्याच ध्वनिमुद्रिकांवर गायिकेऐवजी पडद्यावरच्या पात्राचे नाव छापण्याची रीत होती. लताबाईंनी ‘महल’साठी गायलेल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापले होते. तरी त्यांचे नाव लवकरच घरोघरी पोहोचले. त्याच ‘महल’मध्ये ‘घबरा के जो हम सर को टकराएँ’ गाणाऱ्या राजकुमारींच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. पुढे नायिकेसाठी उंच पट्टीतला, कोवळा आवाज हवा, अशी अभिरुची घडत गेली आणि कोठ्यावरच्या गायकीचा गंध असलेले हे जाड, पिकलेले आवाज मागे पडले. हा बदल स्वाभाविक होता, हे मला पटते. त्यासाठी आधीचे सगळे विसरायलाच हवे होते, हे मात्र पटत नाही.

अमीरबाई १९६५ साली गेल्या. गेल्या महिन्यात जुन्या सामानाच्या एका दुकानात मला ‘किस्मत’ची एक तबकडी मिळाली. ती काठाला तडकलेली आहे, त्यामुळे वाजवता येणार नाही. पण मधल्या कागदावरचे ‘अमीरबाई’ हे नाव अजून वाचता येते. मी ती आज्जीच्या फोटोशेजारी ठेवली आहे.