पाणपोईचं पुण्य

चैत्र सरत आला की आमच्या चौकात चार बांबू उभे राहतात, वर हिरवी जाळी ताणली जाते आणि खाली वाळूत रांजण रोवले जातात. त्याआधी फलक मात्र लागलेला असतो. फलकावर हसरे चेहरे डझनभर; पेला एकच, तोही साखळीनं बांधलेला. त्या साखळीचं मला हसू येतं, राग येत नाही. पुण्य करायला निघालेल्या माणसानं व्यवहार घरी ठेवून यावं, असा काही नियम नाही.

नारळ फुटतो, फोटो निघतात. कष्ट त्यानंतरचे. रांजणाच्या अंगातून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि जाताना ती आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी गार लागतं, कोकणातल्या दमट हवेत तेवढं नाही. पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजली की जुना रांजण नुसता भांडं उरतो. तो घासावा लागतो, कधीतरी बदलावा लागतो, आणि भरावा तर रोजच लागतो. कित्येक पाणपोया वैशाखातच कोरड्या पडतात. फलक दिवाळीपर्यंत टिकतो.

आमची चालते ती शेजारच्या पंक्चरवाल्या काकांमुळे. फलकावर ते कुठेच नाहीत. दुकान उघडण्याआधी रांजण धुतात, भरतात, वाळ्याची जुडी सोडतात. यातून तुम्हाला काय मिळतं, असं विचारलं तर म्हणाले, "अहो, माणूस पाणी पिऊन 'हाऽऽ' करतो ना, ते ऐकायला बरं वाटतं."

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला उदककुंभ दान करतात, त्याचं पुण्य कधी संपत नाही म्हणतात. म्हणजे आज चांगलं वागायचं आणि सुख पुढे कधीतरी वसूल करायचं. काकांचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो. चांगलं वागणं आणि बरं वाटणं यांत त्यांच्याकडे उधारी नाही.

आणि पुण्याची वही ठेवणाऱ्या याच समाजात कित्येक पिढ्या तहानलेल्याच्या ओंजळीत वरून, अंग चोरून पाणी ओतलं गेलं. ओतणाऱ्याला त्यातही धर्म केल्याचं समाधान मिळत असणार. मी त्याला सद्गुण म्हणणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा ओतणारा हातच मधून निघाला. ज्यानं त्यानं आपलं आपण घ्यावं. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं करण्याचा ठराव १९२४ साली केला होता, तरी तिथलं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावं लागलं. त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उठायला १९३७ साल उजाडलं. एका ओंजळीसाठी एवढं!

आमचा एक मित्र जरा खवचट आहे. त्याच्या मते काकांचं कसलं आलंय पुण्य? पाण्याला थांबलेला गाडीवाला चाकात हवाही भरून घेतो, धंदाच तो. मी हे काकांच्या कानावर घातलं.

"घेतो की," ते टायर पाण्यात दाबून बुडबुडे बघत म्हणाले, "त्यानं पाणी काय खारट झालं?"