जुनं ॲपल वॉच घेताय? आधी लॉक बघा

आजचा अख्खा दिवस एका जुन्या ॲपल वॉचमध्ये गेला. पासकोड माहीत नसला तरी घड्याळ पुसता येतं: चार्जरवर ठेवा, बाजूचं बटण पॉवरचं चिन्ह दिसेपर्यंत दाबा, मग क्राउन (बाजूची गोल चावी) दाबून धरा, रीसेटचा पर्याय येतो. पण ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे घड्याळ मालकाच्या ॲपल खात्याशी बांधणारं कुलूप, ॲपलच्या सर्व्हरवर असतो, म्हणून पुसल्यावरही फोनला जोडताना आधीच्या मालकाचा पासवर्ड मागितला जातोच. विकणाऱ्यानं आपल्या आयफोनच्या वॉच ॲपमध्ये, घड्याळाच्या नावाशेजारच्या गोलातल्या ‘आय’वर जाऊन ‘अनपेअर’ केलं की लॉक सुटतो. त्याचा फोन गेला असेल तर आयक्लाउडवरून (ॲपलची ऑनलाइन सेवा) घड्याळ आधी इरेझ करणं, म्हणजे पुसणं, मग खात्यातून काढणं. नुसतं इरेझ केलं तर लॉक तसाच राहतो! त्याचा पासवर्ड मागू नका, त्यालाच करू द्या. पैसे मात्र घड्याळ तुमच्या फोनला जोडलं गेल्यावरच द्या.