बांबूच्या बनातील काळे मांजर
आज दुपारी, बाहेर पावसाची संततधार लागलेली असताना, दिग्दर्शक कानेतो शिंदो यांचा 1968 सालचा 'कुरोनेको' (काळे मांजर) हा जपानी भयपट पाहिला आणि रात्र झाली तरी तो डोळ्यांपुढून हललेला नाही. भुकेलेल्या सामुराईंची एक टोळी बांबूच्या बनाशेजारच्या झोपडीत शिरते, सासू-सुनेवर अत्याचार करून घर पेटवून देते आणि त्या दोघींच्या निष्प्राण देहांजवळ एक काळे मांजर येते, हे सारे सुरुवातीलाच जवळजवळ संवादांविना घडते. पुढे सासू-सून सामुराईंचे रक्त पिण्याची शपथ घेऊन भुते होऊन परततात; राजोमोन वेशीपाशी रात्री भेटणारी सुंदर स्त्री, म्हणजे ती सूनच, एकेका सामुराईला घरी नेते आणि त्याच्या नरडीचा घोट घेते; 'नरडीचा घोट' हा आपला वाक्प्रचार इथे शब्दशः खरा ठरतो.

मात्र मला खरी भीती वाटली ती त्यानंतर. युद्धावर गेलेला सासूचा मुलगा गिंतोकी स्वतःच सामुराई होऊन परततो आणि या भुतांचा नायनाट करण्याची आज्ञा नेमकी त्यालाच होते. ती शपथ मोडून त्याची पत्नी त्याच्यासोबत सात रात्री घालवते आणि त्याची किंमत म्हणून नरकात जाते. तिच्यामागे उरतात आई आणि मुलगा, समोरासमोर. आईची भूमिका करणाऱ्या नोबुको ओतोवा यांचा निश्चल चेहरा मी विसरू शकत नाही.

कृष्णधवल चित्रणातला बांबूंवरचा प्रकाश मोठ्या पडद्यावर पाहायला हवा होता, ही हळहळ मात्र राहिली. आत्ता खिडकीखाली एक मांजर ओरडते आहे आणि मी दिवा मालवलेला नाही.